डावा पाय

तिळाचं तेल तापलं, की वासासरशी मला मिरजेच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. थोरल्या भावाचा खालचा जबडा गाठीनं पोखरला होता. तो काढून त्याच्याच डाव्या पायातलं बारीक हाड तिथं बसवायचं होतं. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो पाटीवर लिहायचा. पायाचा फोटो उजेडात धरून डॉक्टरांनी विचारलं, "हा पाय मोडला होता का कधी? कसा?" लहानपणी उसाच्या ट्रॉलीवरून मीच त्याला रागानं ढकललं होतं. वडील फौजी, त्यांच्या धाकानं तो घसरला असंच आम्ही सांगितलं, आणि हाडवैद्यानं तिळाचं तेल चोळून, बांबूच्या कामट्या बांधून पाय कसाबसा जुळवला. आई शेजारीच बसली होती. भावानं पेन्सिल उचलली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं, 'घसरलो.' आई म्हणाली, "व्हय डाक्टर, लय धांदरट हुता." "मग उजव्या पायातलं घेऊ," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर जबड्यात बसवलेलं हाड जगेल का, हे कळेपर्यंत मला घास गिळवेना. ते मेलं असतं तर त्याचा धड पायसुद्धा माझ्यामुळंच वाया गेला असता. हाड जगलं. पण थंडीत आता त्याचे दोन्ही पाय दुखतात, आणि तेल मी चोळतो. काल चोळता चोळता आईला सगळं सांगून टाकलं. ती काही बोलायच्या आत भाऊच त्या नव्या जबड्यानं, अडखळत म्हणाला, "न्हाई आये, घसरलोच हुतो मी."