तिकिटं स्कूटरवरून येतायत

रेल्वेतून कुठे काय दिसतं, या विषयातला मी गोव्यातल्या हरमलमधला सर्वमान्य तज्ज्ञ आहे. फक्त रेल्वेत बसायचं तेवढं राहून गेलं होतं.

घरातल्या काही खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. समुद्राला कंटाळलेला पाहुणा कधीतरी दारापुढच्या बाल्कांवावर, म्हणजे ओट्यावर, माझ्या शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "काका, आता काय पाहू?" मग मी डोळे मिटतो. (डोळे मिटले की माणूस अनुभवी वाटतो.) "पेडण्याहून सकाळची कारवारची गाडी धरा," मी म्हणतो. "मांडवी, झुआरी, मग काणकोणचे डोंगर, बोगद्यावर बोगदे, आणि शेवटी काळी नदी समुद्राला मिळते ती. पण बसायचं डावीकडच्या खिडकीत. डावी मिळाली नाही तर सरळ परत या." हे सारं ज्ञान मी मोबाइलवर व्हिडिओ बघून कमावलं होतं. पाहुणे जात, संध्याकाळी तृप्त होऊन परतत आणि माझे आभार मानत. आणखी एका हंगामात गावाने माझा सत्कारच केला असता.

घोळ घातला पुण्याच्या एका बाईंनी. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः कितीदा गेलात हो, काका?" मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर स्वयंपाकघरात पातेलं घरंगळल्यासारखा आवाज झाला. पातेलं नव्हतं. माझी बायको शालन हसत होती.

बाई खोलीत गेल्या तशी शालन पदराला हात पुसत बाहेर आली.

"येत्या आयताराक माका त्या गाडयेत बसवा," ती म्हणाली. "नायतर फुडल्या पावण्याक मी खरां काय ता सांगतंय."

झालं. माझी बाल्कांवावरची खुर्ची पणाला लागली!

ही बातमी तिने फोनवरून माहेरी सुर्ल्याला कळवली. माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म खाणीवरचा ट्रक हाकला. सुर्ल्यात रेल्वे नाही, अर्थात जगालाही तिची गरज नाही, असं त्यांचं स्वच्छ मत. रविवारी सकाळी पेडणे स्टेशनवर ते आमच्या आधी हजर.

"तुम्हीपण येताय, मामा?"

"मी कित्याक? जावयबापू गाडयेत बसतत ता बघूक इलंय."

आता एक लक्षात घ्या. आम्ही पेडण्याकडची माणसं मुळात बसवाली. बस थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, छत्री, टोपली, प्रसंगी चप्पल आत फेकून जागा धरायची आणि मग सभ्यपणे दारातून चढायचं, हे आमच्या रक्तात आहे. गाडी आली. डबा जवळजवळ रिकामा होता. शहाण्या माणसाला यात आनंद झाला असता. मला संशय आला. एवढी रिकामी, म्हणजे पुढे केवढी गर्दी चढणार! मी शालनला आत पिटाळलं: "डावी खिडकी धर, उठू नकोस." मग सासऱ्यांकडे वळलो.

"मामा, जरा तेवढी माझी जागा धरून बसा. मी खाण्याची पिशवी घेऊन आलोच."

"माका गाडयेत चडूचा नाय."

"चढायचं नाही हो, नुसतं बसायचं."

कुरकुरत ते चढले. पिशवी फलाटावरच्या बाकावर होती. शालनने पहाटे उठून केलेली चण्याची भाजी आणि उंडे पाव, वर तिचा मोबाइल. ती उचलून वळतो तर मागून हाक आली, "काका! ओळखलंत?" गेल्या हंगामात आमच्याकडे उतरलेलं नाशिकचं तरुण जोडपं. समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघत उभं होतं. "काका, तुम्ही सांगितलेला तो प्रवास राहूनच गेला बघा. परत एकदा सांगा ना, काय काय लागतं वाटेत?"

कुणी असं विचारलं की माझे डोळे आपोआप मिटतात.

मी मांडवीपासून सुरुवात केली. झुआरीपर्यंत आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, ती गाडी..." "तीच गाडी," मी डोळे न उघडता म्हटलं. मुलगा म्हणाला, "नाही काका, ती चालली." "चालते ना. पण काणकोणला बघा कशी चालते. डोंगरातून अश्शी वळत..." बोगद्यांचं वर्णन संपवून डोळे उघडले तर समोर रिकामे रूळ आणि पलीकडे एक बकरी.

दोन्ही तिकिटं माझ्या खिशात होती.

स्कूटर काढली आणि सुटलो पुढच्या स्टेशनकडे, थिवीला. कोलवाळच्या पुलावर मी जो वेग घेतला तो त्या स्कूटरला स्वतःबद्दल माहीत नव्हता. थिवी स्टेशनच्या पायऱ्या चढलो आणि गाडीचा शेवटचा डबा मला पाठ दाखवून निघून गेला. एवढ्यात फोन वाजला. सासरे त्यांच्या बटणांच्या फोनवर खाणीवरून बोलतात तसे ओरडून बोलत होते.

"जावयबापू, खय आसात?"

"थिवीला."

"आमी थयसून आताच सुटलो."

"शालन कशी आहे?"

"बरी आसा. तुमी सांगितल्यात म्हणान डावे खिडकीत बसलीसा. उठना नाय."

पुन्हा स्कूटर. म्हापशाच्या सर्कलजवळ परत फोन. या वेळी मागून तिसराच आवाज येत होता, "आजोबा, तिकीट दाखवा." आणि सासरे त्याला शांतपणे सांगत होते, "साहेबा, तिकिटां काडलेली आसत. ती स्कूटरीन येतत."

 मग टीसीने फोन हातात घेतला.

"तुम्ही तिकिटं घेऊन येताय?"

"हो."

"कुठवर आलात?"

"म्हापसा."

"आम्ही करमळीला पोचतोय."

"जरा हळू घेता येईल का?"

त्यांनी फोन सासऱ्यांना परत दिला. मडगावला उतरून नवी तिकिटं काढायची, तोवर गप्प बसायचं, असा निवाडा झाला. माणूस भला असावा. मी त्याच्या जागी असतो तर जावयालाच दंड केला असता.

तरी मी थांबलो नाही. गाडी मध्येच कुठेतरी दुसऱ्या गाडीला वाट देत उभी राहिली असणार, कारण झुआरीच्या पुलावर पोचलो तर पलीकडच्या रेल्वेच्या पुलावरून ती येत होती. काय देखणी दिसते हो! खाली हिरवंगार पाणी, वर तो लांबलचक पूल, त्यावरून निवांत सरकणारे डबे. एका खिडकीत शालनची निळी साडी दिसल्यासारखी वाटली. मी स्कूटर कडेला लावली आणि दोन्ही हात हलवत राहिलो. पुलावर थांबायला मनाई. पोलीस आला.

"पुलार राबपाक जायना. कितें करता?"

"माझी बायको गेली," मी धापा टाकत सांगितलं. "त्या गाडीतून. बापाबरोबर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला. "येतली परत. राग निवतकच येतली. तूं घरा वच."

गेलो घरी. दुपारी बाल्कांवावर बसून चण्याची भाजी खाल्ली. चांगली झाली होती.

दिवेलागणीला दोघं परतली. सासरे अंगणातूनच बोलत आले, "ड्रायव्हर दिसना नाय, क्लच नाय, ब्रेकाचो आवाज नाय, तरी काय चडता हो गाडी!" मी त्यांना नुसती जागा धरायला सांगितली होती. त्यांनी ती कारवारपर्यंत धरली, आणि येतानाही सोडली नाही.

शालनने चपला काढल्या. पाणी प्यायली, मग शांतपणे म्हणाली, "समुद्र उजवीकडे आसा."

"काय?"

"कारवारक जाताना समुद्र उजवीकडे. बाबा बसले थय. मी काणकोणपर्यंत डावीकडे बसान नुसत्या दरडी बघितलंय. मगे बाबांनी हाक मारली."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पाहिलेला व्हिडिओ कारवारहून येणाऱ्या गाडीचा होता! इतकी वर्षं मी अख्ख्या महाराष्ट्राला समुद्राकडे पाठ करून कारवारला पाठवत होतो, आणि लोक संध्याकाळी येऊन माझे आभार मानत होते.

"आता पाहुण्यांना सांगणार?" मी विचारलं.

"कित्याक सांगू? तुमचां नाव जायत."

आणि खरोखरच तिने कुणाला काही सांगितलं नाही. ती फक्त बाल्कांवावर येऊन बसायला लागली. आता पाहुणे तिलाच विचारतात, आणि ती डोळे उघडे ठेवून सांगते: काळी नदीचं पाणी कुठे रंग बदलतं, कुठल्या बोगद्यानंतर गार वारा लागतो. चहा मी आणतो. परवा एका मुलीने माझ्या हातून कप घेताना विचारलं, "काका, तुम्हीपण गेला होतात ना मावशींबरोबर?"

शालन माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "साखर किती घालू?"