मेक्सिकोला गेलेला डबा

आमच्या कंपनीचे कारखाने नऊ देशांत आहेत आणि दरवर्षी या नऊ देशांची गाण्याची स्पर्धा होते. गाणी आठवडाभर आधी सगळ्यांना ऐकायला पाठवतात. प्रत्येक देशानं आवडलेल्या तीन गाण्यांना दहा, सात आणि पाच गुण द्यायचे, ते आदल्या दिवशी कळवायचे. स्वतःला मात्र देता येत नाहीत. युरोपातले पाच कारखाने एकमेकांच्या शेजारीपाजारी. ते आपसात गुण वाटून मोकळे होतात. आम्ही पडलो चाकणवाले. आमच्या शेजारच्या एकाही देशात कंपनी नाही. मागच्या वर्षी आम्हाला भोपळा मिळाला आणि त्या भोपळ्याच्या कोरसमध्ये मी होते.

यंदा मी एकटी गायले. आवाज माझा, चाल आईची. लग्नाआधी आई चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायची, तेव्हा तिथल्या बायकांना तिनं बांधून दिलेली. रहाटणीहून कंपनीच्या बसमधून जाताना मी ती गुणगुणायचे, म्हणून बसमधल्यांनीच मला पुढं ढकललं. निकालाला घरच्यांनाही बोलावतात. आईनं ठेवणीतली साडी आठ दिवस आधीच काढून ठेवली. मला भोपळा मिळाला तर मी हसून सोडून देईन, पण आईच्या चालीला मिळालेला मला बघवला नसता.

आता डब्याचं सांगते. गेल्या वर्षी मेक्सिकोच्या कारखान्यातली एक बाई ट्रेनिंगला आली होती, ती दोन महिने आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहिली. आईनं तिला शेंगदाण्याची चटणी पाठवली, ती नेमकी स्वतःच्या लग्नातल्या डब्यातून. त्या स्टीलच्या डब्यावर ‘कंपनीतील मित्रमंडळाकडून सप्रेम भेट’ असं कोरलेलं आहे. ते मित्रमंडळ माझ्या वडिलांचं. वडील आता नाहीत, त्यामुळे आईला डब्याचं फार. चार दिवसांनी बाई डबा घासूनपुसून परत द्यायला आली, तर मीच शहाणपणानं सांगितलं की आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिनं ते मराठीत दोनदा म्हणून घेतलं आणि डबा घेऊन परत गेली. त्याच आठवड्यात तिचं तिकीट अलीकडे आलं. बाई गेली, डबाही गेला. आईनं वर्षभर मला ऐकवलं आणि मी वर्षभर त्या बाईला मनातल्या मनात.

आम्ही गुण कुणाला द्यायचे ते कँटीनमध्ये ठरलं. युरोपवाल्यांना दिले आणि तसं आधीच त्यांच्या कानावर घातलं की तेही लाजेकाजेस्तव आपल्याला देतील, असा आमचा डाव. मेक्सिकोचं गाणं खरं तर सगळ्यांत गोड होतं आणि एक-दोघांनी तसं म्हटलंही. पण मी म्हणाले, डबा नेणाऱ्यांना कसले गुण देता? सगळे हसले आणि मेक्सिकोचं नाव कटाप झालं.

निकाल संध्याकाळी होता, बाकीचे देश पडद्यावर दिसत होते. आई पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली. सगळ्यांत आधी आमचे गुण जाहीर झाले, तिन्ही युरोपाला. त्यांनी हात जोडून नमस्ते केलं आणि नेहमीप्रमाणे आपले गुण एकमेकांना देऊन टाकले. थायलंडनं दिले नाहीत, ब्राझीलनं दिले नाहीत. नववा आणि शेवटचा देश मेक्सिको राहिला, तेव्हा मी मान खाली घातली. एवढ्यात आईनं माझा दंड धरला.

“आगं, माझा डबा हाय त्यो!”

पडद्यावर तीच बाई होती. तिच्या मागच्या खिडकीत नुकतं उजाडत होतं आणि तिच्या हातात आमचा डबा. कोरलेली अक्षरं मोठ्या पडद्यावर वीतभर दिसत होती. तिनं झाकण काढलं, आतून कागद काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. दहा. खाली भारत लिहिलेलं. मग ती सावकाश, एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, “भांडं रिकामं परत देत नाहीत.”

पुढचं मला धड आठवत नाही. बसमधल्यांनी टेबलं बडवली, कुणी शिट्ट्या मारल्या, आमच्या कडक सुपरवायझरनी चक्क नाच केला. आम्ही नवातले सातवे आलो आणि पहिले आल्यागत पेढे वाटले. येणारा-जाणारा आईला चाल म्हणायला लावत होता आणि ती लाजत, पदर सावरत, प्रत्येकाला म्हणून दाखवत होती. इतकी खूश मी तिला वडील गेल्यापासून पाहिली नव्हती.

घरी जाताना बसमध्ये तिनं विचारलं, “आन् आपण त्यांना किती दिलं?”

काही दिले नाहीत, असं मी सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून, तेही सांगितलं.

ती म्हणाली, “म्हंजी रिकामं भांडं आपणच धाडलं.”

दुसऱ्या दिवशी तिनं दोन किलो शेंगदाणे भाजले. मी पिंपरीतून नवा डबा आणला, आधीच्याहून मोठा. दुकानदारानं मशीन हातात घेऊन, काय कोरायचं म्हणून विचारलं. आईनं सकाळीच मला बजावून ठेवलं होतं, तेच मी सांगितलं: शेजाऱ्यांकडून सप्रेम भेट.