बनुबाईचा हौद

आता हसू येतं, पण कबूल करायलाच हवं. बनुबाईला पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मुकीच वाटायची. एवढीशी बाई, हातात केरसुणी, कुणी काही बोललं की नुसती मान हलवणार. चॅपेल झाडणारी गरीब गाय म्हणायची सगळी पेठ. फसवणूक हो, निव्वळ फसवणूक!

सांगलीजवळच्या त्या पेठेत सेहेचाळीस साली मोटारस्टँड व्हायचं ठरलं. नळ आले, दिवे आले, आता रुंद रस्ता हवा. मोजणीची चुन्याची रेघ नेमकी चॅपेलच्या मागच्या खोलीतून गेली. तिथंच बाप्तिस्म्याचा हौद. या बॅप्टिस्ट लोकांत डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. जाणत्या माणसाला पुरता पाण्यात बुडवायचा, शेंडीसकट!

बनुबाईचा मुलगा शांतवन मिसरूड फुटल्यापासून “पुढच्या वर्षी, आई” म्हणत टाळत आलेला. फौजेत जाताना मात्र बोलून गेला, “जित्ता परत आलो तर बुडवून घेतो.” ब्रह्मदेशातून जिवंत आला. येत्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा. हौद घागरींनी भरून ठेवलेला. आणि गुरुवारीच ओव्हरसियर अनंतराव कुदळीवाले गडी घेऊन, बूट वाजवत थेट आत!

“बूट काडा, सायब.”

“तुमचे गोरे साहेब बूट घालूनच प्रार्थनेला बसायचे. मला शिकवू नका. हौद बुजवायचाय. पोराला नदीत बुडवा, कृष्णा काय आटलीय?”

झालं! नदीचं नाव निघालं आणि बाई पेटली.

“नदी? आवं, माज्या आईला बुडवायला नदीवरच न्हेलं हुतं! पानी बाटतंय म्हनून घाटावरनं दगडं मारली तुमच्या लोकांनी. पाद्रीबाबाचं डोस्कं फुटलं. म्हनून तर ह्यो हौद बांदला. त्या मारलेल्यातलं दोन दगड आईनं पदरात आनलं, ते बगा, पायरीला बसिवल्यात. तवा नदी तुमची, आन आता हौदबी तुमच्या रस्त्याचा व्हय?”

“जुनं झालं ते, बनुबाई.”

“तुमच्यासाटनं झालं आसंल!”

पाळक दाविदराव कोपऱ्यातून “शांती, शांती” करायला लागले.

“शांती घरला ठिवा तुमची!” म्हणाली, आणि लुगड्यासकट हौदात उतरली. छातीभर पाणी. कुणी पाणी सोडू नये म्हणून मोरीच्या बोळ्यावर टाच रोवून उभी. “बुजवा आता. माज्यासकट.”

गड्यांनी कुदळी खाली ठेवल्या. मुकादम नाथाजी मान खाजवत म्हणाला, “बाईमानसाला हात आमी न्हाई लावनार, सायब. वल्ल्या बाईला तर न्हाईच न्हाई.”

दुपार कलली. बाईचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले, पण तोंड काही थांबेना. शांतवन घोंगडं घेऊन काठावर आला. “आई, लय झालं. वर ये.”

“तूच आत ये रं! रविवारपत्तूर कशाला थांबतूस?”

शेवटी अनंतराव ओरडले, “बरं बाई, बरं! रेघ वळवतो. निघा आता!”

“आदी रेघ.”

रस्ता तिथं अजून वाकडा आहे, बरं का. अनंतराव चरफडत बाहेरून चुन्याचं घमेलं घेऊन हौदाकडं निघाले.

“बूट.”

“अहो, आता तरी! सांगितलं ना, गोरे साहेब—”

“तुमी गोरं हाय व्हय?”

गडी फसकन हसले. अनंतरावांनी खाली वाकून नाड्या सोडल्या. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. बनुबाईनं तो नीट बघून घेतला, आणि मगच टाच उचलली.