अर्धापूरमार्गे स्पिती

हिमालयातली थंडी मला अर्धापुरात बाधली. तीही मे महिन्यात, केळ्यांसोबत.

झालं असं, की आम्ही स्पितीच्या खोऱ्यात जायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको सुनंदा. (ठरवलं तिनं, मी नांदेडात बसून मान हलवली.) तेवढ्यात औशाहून सासूबाईंचा फोन. "जावाई, मला बी यायचंय. एकदा बर्फ हातात घिऊन बघते!"

माझा चेहरा पडला. सासूबाई सोबत म्हणजे आठ दिवस त्या बोलणार आणि मी ऐकणार! मी काळजीचा सूर लावला. "मामी, तिथं थंडी लई हाय. तुम्हाला न्हाई झेपायची."

"कशावरून?"

इथं माझं डोकं चाललं. (ते क्वचित चालतं, आणि चाललं की घात करतं.) अर्धापूरला माझा मित्र बालाजी केळ्यांचं कोल्ड स्टोरेज चालवतो. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान काढलं: तिघांनी अर्धा तास केळ्यांत बसायचं. जो आधी बाहेर येईल, त्याची स्पिती रद्द!

रविवारी दुपारी गेलो. बाहेर त्रेचाळीस, आत तेरा. मामींनी पदर कानावरून घेतला आणि केळ्यांच्या क्रेटवर ऐसपैस बसल्या. "अगं बाई, किती बरं वाटून राहिलंय! सुनंदे, औशाला असली एक खोली न्हाई का बसवता येणार?"

मी स्वेटर, मफलर, माकडटोपी असा जय्यत तयार होतो. तरी पाचव्या मिनिटाला दात वाजायला लागले.

"जावाई, कापून का राहिले?"

"का-कापत न्हाई मामी. व्या-व्यायाम करून राहिलो!"

सातव्या मिनिटाला मी फोन आल्याचं सोंग केलं आणि दाराकडे धावलो. दार उघडेना! मी ओढतोय, लाथा घालतोय, "बालाजी, मेलो रे!" म्हणून बोंबलतोय. मामी शांतपणे उठल्या आणि त्यांनी दार एका हातानं ढकललं. (ते ढकलायचंच होतं.) मी थेट बाहेर, हमालांच्या पायाशी! मामी मात्र उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता परत क्रेटवर. अर्ध्या तासानंतर त्यांना बाहेर काढायला बालाजीला हातापाया पडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मला ताप. डॉक्टर म्हणाले, "उन्हात हिंडलात का?"

"नाही, थंडी बाधली."

त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नवी सुई काढली.

मी सुनंदाला लाडीगोडी लावून पाहिली. "आता उतरलाय गं ताप."

"अहो, पण नियम तुमचाच हाय न्हाई का?"

मायलेकी गेल्या. मी चरफडलो, खोटं कशाला बोलू? चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. पडदाभर मामींचं हसू. "जावाई, घेतला बघा हातात! लई गार हाय हो!" लहान मुलीसारख्या खिदळत होत्या. मला अचानक फार बरं वाटलं, आणि माझी मलाच लाजही वाटली. मग त्यांनी बर्फाचा गोळा कॅमेऱ्याला भिडवला.

नांदेडात तेव्हा चव्वेचाळीस होतं. मी उठून कूलर बंद केला.