मागून आलेली हाक

बेल्ह्याच्या बैलबाजारात मी शून्यातून वर आलो तो एका युक्तीवर. सौदा अडला की उठून चालू लागायचं. दहा पावलांत मागून हाक येतेच.

बायकोच्या मांडीत दुर्मीळ कॅन्सरची गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "नवीन औषधाची चाचणी चालू आहे. एकच जागा उरलीय."

"नवीन औषध हिलाच मिळंल, असं लिहून द्या."

"तसं देता येत नाही. काहींना नवीन, काहींना नेहमीचं. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हंजे बैल न दाखवता इसार मागताय व्हय?"

बायकोनं संमतीपत्रावर सही करायला पेन उचललं होतं. "अहो, करू द्या ना सही." मी ते तिच्या हातातून हिसकावून टेबलावर आपटलं आणि उठलो. जिन्यापर्यंत मुद्दाम सावकाश चाललो. मागून लंगडत येताना ती म्हणत होती, "अहो, थांबा." मी डॉक्टरच्या हाकेकडे कान लावून होतो. ती हाक आली नाही.

आठ दिवस निरोपाची वाट पाहून मी तिला घेऊन पुन्हा गेलो. जागा भरली होती. "निर्णय पेशंटचा असतो. आम्ही कोणाच्या मागं लागत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. तो शांतपणा मी अजून माफ केलेला नाही.

परतताना एसटीनं वाटेतलं कळंब सोडलं. बायको खिडकीकडे बघत म्हणाली, "सही माझी व्हती. मला तरी इचारायचं व्हतं."

दिवाळीआधी ती गेली. त्या औषधानं वाचली असती की नाही, हे मला कोणी सांगू शकत नाही.