साताच्या पोटातली रेघ

पाणी तपासणीच्या आमच्या प्रयोगशाळेत ताई एकोणीस वर्षं आहेत. माघारी त्यांना सगळे 'काटा' म्हणतात, कारण वजनकाट्याच्या आधी त्यांचा हात वजन सांगतो. पाण्यातलं शिसं कमी वेळात शोधायची एक नवी पद्धत त्यांनी अकरा आठवडे खपून बसवली. तिचा कागद सोमवारी मुख्य कार्यालयात जायचा होता. त्यावर नाव ज्याचं, वरिष्ठ रसायनतज्ज्ञाची जागा त्याची.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या माणसानं नोंदवहीत पेन्सिलीनं लिहायचं, म्हणजे चूक खोडता येते. साहेब तपासून त्यावरच आपल्या वळणानं शाईनं गिरवतात आणि सही करतात. पुरुष सहा महिन्यांत जुने होतात, त्यांच्या हाती पेन येतं. ताई एकोणीस वर्षं नव्याच. मला पहिल्या दिवशी साहेबांनी स्वतः टोक काढून पेन्सिल दिली, तेव्हा मी आईला फोन करून कौतुकानं सांगितलं होतं. आता ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

महिन्यातून एका शनिवारी जेवणानंतर आम्ही एखाद्या पुस्तकावर बोलतो. या वेळी ताईंनी कादंबरी निवडली होती. एका शास्त्रज्ञ बाईचं संशोधन तिचा वरिष्ठ आपल्या नावावर छापतो, आणि त्याच्या सत्काराला तिलाच खुर्च्या मांडायला लावतो.

"रडगाणं आहे हो," साहेब म्हणाले. मलपृष्ठाच्या पुढे ते गेलेच नव्हते. "जमाना कुठल्या कुठे गेला."

"आणि बाईनं तेव्हाच बोलायचं ना," यंत्रं सांभाळणारे भाऊ म्हणाले. दाढेत अडकलेलं काहीतरी ते काडीनं उकरत होते. "तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"आमच्या ताईंकडे बघा, त्यांच्याशिवाय इथलं पान हलत नाही," साहेब म्हणाले. "ताई, चहाचं बघता का जरा?"

सगळे हसले. मीही हसले.

ताई उठल्या. परत आल्या त्या नोंदवही घेऊन.

"कादंबरीतल्या बाईचं जाऊ द्या. सोमवारी कागदावर नाव कुणाचं?"

"काम आपल्या सगळ्यांचंच आहे. पण नोंदी माझ्या अक्षरात, तेव्हा नाव माझंच घालावं लागणार ना?" साहेबांनी अंगठा जिभेला लावला आणि पानं उलटली. ओला डाग प्रत्येक कोपऱ्यावर उमटत गेला. "दाखवा, यात तुमचं एक तरी अक्षर."

खरंच नव्हतं. गिरवून झालं की खालची पेन्सिल ते रबरानं पुसायचे. अकरा आठवडे हे माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं, आणि मी त्याला टापटीप समजत होते.

ताईंनी वही खिडकीपाशी तिरकी धरली. "इकडे ये गं. काय दिसतं?"

ताई पेन्सिल दाबून लिहितात आणि इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ मारतात. साहेब मारत नाहीत. शाईच्या प्रत्येक साताला आडवा एक कोरडा चरा होता, शाई न लागलेला. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावरही.

"रेघा आहेत," मी म्हणाले. "ताईंच्या."

"तू नवीन आहेस," साहेब हळूच म्हणाले. "विचार करून बोल."

ताईंनी भाऊंच्या खिशातलं पेन काढून माझ्यापुढे केलं. "दिसतं तेवढंच लिही. तारीख घाल."

मी लिहिलं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं. खाली सही केली. भाऊंनी काडी टाकली, वाकून साताकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"पेन माझंच आहे," ते म्हणाले, "माझीही सही होऊन जाऊ दे."

सोमवारी आमच्या सह्यांच्या पानाची प्रत जोडून कागद ताईंच्या नावानं गेला. मंगळवारी साहेब मुख्य कार्यालयातल्या कुणाला तरी फोनवर सांगत होते, "बाई हुशार आहे, पण बायकांना पुढे आणावं लागतं हो. एकोणीस वर्षं घडवलंय मी तिला." बोलता बोलता अंगठा चाटून त्यांनी वहीचं पान उलटलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

कोपऱ्यांना बोट न लावता मी ती पुढ्यात ओढली.

ताई शेजारीच वजन करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त कापसाचा बोळा आणि स्पिरिटची बाटली माझ्यापुढे ठेवली.

"कोपरे पुसून घे," त्या म्हणाल्या. "मग लिही. पेनानं."