कंपनी मोठी अन् आम्ही वणीचे

ज्याले नोकरी लागते त्याच्याजवळ सांगाले काहीच नसते. "झाला इंटरव्ह्यू, लागलो," संपलं! किस्से जमा होते ते आमच्यासारख्याइकडे. मी, वैशाली अन् सुमेध. तिघंही यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे, तिघंही इंजिनिअर, तिघंही एकाच मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मागं. डिग्रीले दोन वर्षं झाली का ते फ्रेशर म्हणून घेत नाही. माही अन् वैशालीची मुदत संपली, सुमेधचा शेवटचा चान्स उरला होता. आमच्यात तोच हुशार. एक तरी घुसू दे बाप्पा, एवढंच म्हणणं होतं.

*

माह्या पहिल्या राउंडले सायबानं विचारलं, "यवतमाळ? पुण्याहून कॅब मिळते ना?"

"मिळते सर. पण ड्रायव्हर मुक्कामी राह्यते!"

*

आमच्या गावाजवळच्या कोळशाच्या खाणीत दुपारी ब्लास्टिंग होते, घरातले भांडे पडते. वैशालीची ऑनलाइन परीक्षा चालू, अन् धडाम! कॅमेरा हालला. स्क्रीनवर लाल पट्टी, "संशयास्पद हालचाल. परीक्षा बंद."

तिनं मेल टाकून खरं काय ते सांगतलं. उत्तर आलं, "पुढच्या वेळी शांत खोली निवडा."

"खोली शांतच आहे बे," वैशाली म्हणे, "जमीन कुठून आणू?"

*

मले एकदा प्रश्न आला, झाड उलटं करून दाखवा. कम्प्युटरमधलं, आकड्यांचं झाड. डावी फांदी उजवीकडे, उजवी डावीकडे. मी करून राह्यलो होतो, तेवढ्यात बाबा चार्जर शोधाले आले. स्क्रीनकडे पाहून म्हणे, "उलटं कायले करतं बे? इथं कपाशीच्या सरळ झाडाले बोंडं लागून नाही राह्यले!"

माइक चालू होता. सायेब हासला. मी बी हासलो. घेतलं नाही ते नाहीच.

*

एचआरच्या मॅडमनं वैशालीले म्हटलं, "तुमच्या एखाद्या अपयशाबद्दल सांगा."

"कोणतं सांगू मॅडम? तुमच्याच कंपनीत तीन आहेत."

मॅडमले प्रामाणिकपणा लय आवडला. चौथं तिनंच दिलं!

*

मग सुमेधचा शेवटचा राउंड, घरूनच ऑनलाइन. मी अन् त्याची आई बाहेरच्या खोलीत कान लावून बसलो. सायेब टकाटक इंग्रजी बोले. म्हणे, डोक्यात जे चाललं ते मोठ्यानं बोलत कोड लिहा. सुमेध बी इंग्रजीतच बोलत होता, चांगला बोलत होता. पण एका जागी गाडी थांबली अन् तोंडातून निघूनच गेलं, "अबे, हे काहून अडकून राह्यलं?"

मले वाटलं, गेला चान्स. मग तिकडून आवाज आला, "दुसऱ्या लूपकडे पाह्य ना बावा, तिथं चुकून राह्यला तू! मी बी तिकडचाच, तुमच्या बाजूच्या पांढरकवड्याचा आहो."

सुमेधच्या आईनं माहा हात घट्ट धरला. पुढचा सगळा इंटरव्ह्यू वऱ्हाडीत झाला. सुमेध इंग्रजीकडे वळला का सायेबच म्हणे, "बोल ना आपल्या भाषेत, लाजतं कायले?" कोड चाललं. शेवटी म्हणे, "मायले सांग, पोरगं हुशार आहे." माय तिथंच रडली.

आठवड्याभरानं नकाराचा मेल आला. आमचा विश्वासच बसेना. सुमेधनं एचआरले फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "कोडिंग एक्सलंट होतं. पण सरांनी लिहिलंय, उमेदवाराला इंग्रजीत बोलता येत नाही."